माळ्यावरून उतरायचं नाही

सॅनिटोरियममध्ये गेले तेव्हा मला खोकला फारसा नव्हता. मी नुसती थकलेली होते. लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमधल्या दोन खोल्या, नगरपालिकेच्या शाळेतली पहिलीची पोरं, नवऱ्याची इंजिनावरची वेळी-अवेळी ड्यूटी आणि त्या ड्यूटीप्रमाणे पुढे-मागे होणारा स्वयंपाक, ह्यात कुणीही थकेल असंच मला वाटायचं. सासूबाईंना वाटायचं, मी आळशी आहे. मग छातीचा फोटो काढला, त्यात डाग निघाला आणि एका दिवसात मी आळशीची रोगी झाले. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी थोडं बरंच वाटलं. आता तरी कुणी ‘ऊठ’ म्हणणार नव्हतं.

सॅनिटोरियम टेकडीवर होतं. लांबच्या लांब व्हरांडा, त्याला लागून बायकांचा वॉर्ड, पुढे खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पायऱ्या संपल्या की फाटक आणि फाटकाबाहेर एक जांभळाचं झाड. पलीकडे भातखाचरं आणि त्यांच्या मधून गेलेले रूळ. इंजेक्शनं होती, घशात अडकणाऱ्या गोळ्या होत्या, दूध-अंडी होती, पण मुख्य औषध म्हणजे पडून राहणं. डॉक्टर येता-जाता तेवढंच सांगायचे. दुपारच्या जेवणानंतर तर बोलायलासुद्धा बंदी. वाचायचं नाही, विणायचं नाही, सारखी कूस बदलायची नाही. पडून पडून माणूस किती दमतो, हे ज्याच्यावर ती पाळी आली नाही त्याला सांगून उपयोग नाही. काम करून दमलेल्याला निदान झोप तरी लागते.

कोपऱ्यात आमच्या तीन खाटा होत्या. भिंतीकडची मावशीची. ती सुदुंबऱ्याची, चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरातली, पांढऱ्या केसांची आणि तोंडाची फटकळ. वॉर्डातले सगळे तिला मावशी म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. मधली माझी. आणि व्हरांड्याच्या दाराकडची जी होती, ती औंढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात वाडी आहे, तिथली. वयानं माझ्याहून लहान, पण हात बघितले तर कुणीही तिलाच मोठी म्हणालं असतं. मी शाळेत शिकवते हे कळल्यापासून ती मला ‘बाई’ म्हणायची. मी तिला काहीच म्हणायची नाही, नुसतं ‘अगं’. मनात मात्र ती माझी शेजारीण होती.

शेजारणीचं एकच चाललेलं असायचं, घरी जायचंय. तिची मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती तेव्हा हिला इथं आणून टाकलं. पोर जावेकडं. लहान मुलांना फाटकाच्या आत घ्यायचे नाहीत, आणि वाडीवरून इतक्या लांब मूल घेऊन नुसतं फाटकापर्यंत कोण येणार? डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं होतं. औषध अर्ध्यावर टाकून गेलीस तर दुखणं परत उठेल, मग ते हटायचं नाही, आणि पोरीलाही लागेल. तिनं मान हलवली होती. पण रोज सकाळी ताप बघून झाला की ती लुगडं, वाटी, फणी असं सगळं एका फडक्यात बांधून बोचकं उशाशी ठेवायची. नर्स ते सोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलेलं असायचं.

ही नर्स नगरकडची, ख्रिस्ती. तिला आम्ही सिस्टर म्हणायचो. तिनं आमच्या कोपऱ्यात नाताळातलं एक कॅलेंडर लावलं होतं. त्यावर एक लहान पोर कड्याच्या काठानं चाललंय आणि पाठीमागं मोठे पांढरे पंख असलेला कुणीतरी हात पसरून उभा. मावशीनं विचारलं, “हा कोन म्हनायचा? गरुड का?” सिस्टर हसली नाही. म्हणाली, “देवदूत आहे, मावशी. लेकराच्या पाठीशी असतो. लेकराला दिसत नाही.” मावशी म्हणाली, मग उपयोग काय. पण शेजारीण त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. ते मी पाहिलं, आणि माझ्यातल्या पहिलीच्या बाईंनी डोकं वर काढलं.

एक डाव तयार करायचा, असं मी ठरवलं. पट नाही, पत्ते नाहीत, कारण बसून खेळायची परवानगी नव्हती. पडल्या पडल्या तोंडानं खेळायचा. प्रत्येकीनं एक देवदूत व्हायचं. मी खेळायचं नाही, मी फक्त सांगायचं की तू अमुक ठिकाणी आहेस, समोर अमुक घडतंय, आता तू काय करतेस? ती सांगेल, मग पुढं काय झालं ते मी सांगेन. शेजारीण बोचकं बांधायच्या ऐवजी दुसऱ्या कशात तरी गुंतली तर बघावं, एवढाच हेतू होता. आणि माझाही जीव विटला होताच.

नियम करणं हे माझ्या हातचं काम आहे असं मला वाटलं होतं. पण मला ठाऊक असलेलं मोठं राज्य एकच, रेल्वेचं. त्यामुळं माझा स्वर्ग रेल्वेसारखाच निघाला. वर एक मोठे साहेब, ते ड्यूट्या लावणार. प्रत्येक देवदूताला एक सेक्शन. लाल सिग्नल असेल तर खाली यायचं नाही. प्रत्येकाला मोजकी पिसं, जे काम कराल त्यात एक पीस खर्च.

“आन् पिसं सरली म्हंजी?” मावशीनं विचारलं.

“मग तो देवदूत राहत नाही, माणूस होतो.”

“मग बरंच की. जेवाय तरी मिळंल.”

मी म्हटलं, मावशी, ती शिक्षा आहे. ती म्हणाली, जेवण ही शिक्षा कशी काय, आणि तुझ्या त्या साहेबाला रजा मागितली तर देतो का? पहिला दिवस ह्यातच गेला. मला राग आला होता, पण बऱ्याच दिवसांनी संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष डाव मांडला. मावशीला मी तळेगाव स्टेशनवर पाठवलं. मग शेजारणीकडे वळले आणि अगदी वर्गात सांगतात तशा गोड आवाजात म्हटलं, “आता तू दूत. तुला औंढ्याच्या वर एका वाडीत जायचंय. तिथं एका घरात एक लहान मुलगी आहे.”

तिनं भिंतीकडं तोंड करायला मान वळवली. भिंत तिच्या बाजूला नव्हती, दार होतं, म्हणून तिनं लुगड्याचा पदर तोंडावर ओढून घेतला. त्या दिवशी ती जेवली नाही. दूधही तसंच राहिलं. मी हाक मारली तर उत्तर नाही. मला वाटलं पोरीच्या आठवणीनं झालं असेल, आणि पोरीचंच नाव काढण्याची अक्कल मला कुणी दिली म्हणून मी स्वतःवरच चिडले.

तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सिस्टर तिच्या खाटेशी बसून राहिली, तेव्हा कुठं ती बोलली. “बाईंनी माज्या घरला दूत धाडला,” ती म्हणाली. “माज्या तोंडानं. मलाच दूत करून.”

सिस्टर म्हणाली, अगं, देवदूत चांगला असतो, आनंदाची बातमी आणतो.

“देवाचा असू द्या न्हाईतर कुनाचा बी. दूत न्यायालाच येतो. आमच्यात दूत आलं म्हंजी मानूस गेलं.” मग तिनं दाराच्या पलीकडच्या रिकाम्या खाटेकडं नुसती मान हलवली. त्या खाटेवरची बाई आठवड्यामागंच गेली होती.

लहानपणापासून मीही ‘यमदूत’ हा शब्द ऐकलाच होता की. पण शाळा शिकल्यावर देवदूत एका खणात आणि यमदूत दुसऱ्या खणात असं डोक्यात झालेलं. तिच्या डोक्यात खण एकच होता, आणि मी त्यातला दूत काढून तिच्या पोरीच्या दारात उभा केला होता. सिस्टरला मात्र फार लागलं. तिच्या प्रार्थनेतला शब्द होता तो. ती म्हणाली, “मग ह्या चित्रातल्याला तू काय म्हणशील?”

शेजारणीनं कॅलेंडरकडं बघितलं. “हा व्हय? हा राखन्या हाय. पोर कड्याला जाईल म्हनून राखतोय.”

मग मावशी म्हणाली, “बरोबर बोलली बया.”

तिथून डाव शेजारणीच्या हातात गेला. तिनं आम्हाला राखण शिकवली. वाडीवर नाचणी-वरईच्या शेतात चार खांबांवर माळा बांधतात, त्यावर पोराबाळांनी बसायचं आणि डुकरं, पाखरं हाकलायची. लग्नाआधीची तिची सगळी वर्षं त्या माळ्यावर गेली होती. तिच्या बोलण्यातून माझा रेल्वेचा स्वर्ग मोडला आणि त्याच्या जागी आकाशात जागोजाग माळे उभे राहिले. उंच खांबांवर, ढगात, प्रत्येक माळ्यावर एक राखण्या. पंख काढून टाकले. “पंख असल्यावं त्यो बसंल कशाला?” असं तिचं म्हणणं. पिसांच्या जागी गोफणीतले खडे आले. सिस्टरनं अंगणातले लहान लहान खडे धुऊन, उकळून आणून दिले. खडे उकळणारी नर्स मी तेव्हाच पाहिली, नंतर नाही.

साहेबही गेले. मग वरून सांगणाऱ्या मला काय म्हणायचं? “माळ्याच्या वर काय असतं गं?” मी विचारलं.

“काय न्हाई. वारा असतोय.”

म्हणून मी वारा झाले. वाऱ्यानं ठरवायचं काही नाही, खालचा आवाज वर आणि वरचा खाली न्यायचा, एवढंच. ठरवायचं चिंचोक्यांनी. मावशीनं स्वयंपाकघरातून चिंचोके मागवले, पाटीवर घासून एका अंगानं पांढरे केले. खडा टाकताना ते उधळायचे. जेवढे पांढरे पडतील तेवढं काम झालं. सगळे काळे पडले तर उलटं झालं.

नियमांवर आमची अशी भांडणं व्हायची की सिस्टर येऊन थर्मामीटर तोंडात घालून आम्हाला गप्प करायची. खडा माणसाच्या जवळ टाकायचा, माणसाला लागेल असा कधीही टाकायचा नाही, हा शेजारणीचा नियम. खड्यानं कोंबडी उडेल, भांडं वाजेल, माणूस चालता चालता थांबेल, पण बोलता येणार नाही, हा माझा. आणि सगळ्यात कडक नियम शेजारणीचाच. माळ्यावरून उतरायचं नाही. पीक घरात जाईस्तोवर काही झालं तरी उतरायचं नाही.

“का म्हनून?” मावशीनं विचारलं. “डुक्कर डोळ्यांदेखत खातंय आन् आपुन वर बसायचं?”

“खाली गेलं की काय दिसत न्हाई, मावशी. नाचनीत उभं ऱ्हायलं तर म्होरची ताटं तेवढी दिसत्यात. डुक्कर कुटं हाय ते वरनंच कळतंय.” मग ती म्हणाली, “माजा भाऊ उतरलावता. डुकरानं फाडला त्याला.” तो नियम तसाच राहिला.

राहिलं जिंकणं. मला वाटत होतं की ह्या डावात जिंकणं-हरणं नकोच. मावशी म्हणाली, न जिंकायचा डाव म्हणजे नुसतीच राखण, ती तर जन्मभर केली. शेवटी मावशी आणि शेजारीण दोघींनी मिळून काढलं. ज्याला राखायचं ते माणूस, का ते त्याला न कळता, मान वर करून आभाळाकडं बघेल, तेव्हा त्या राखण्याचा डाव झाला. त्यासाठी सगळेच्या सगळे चिंचोके पांढरे पडायला हवेत.

मुलूख मांडायला मावशीचं ब्लँकेट होतं. तिनं गुडघे वर घेतले की डोंगर झाले. घडीची खोल रेघ म्हणजे घाट, काठाची लाल पट्टी म्हणजे रूळ. एका गुडघ्याखाली औंढे, पायाच्या बोटांकडे सुदुंबरे, कारण तिला तिचं गाव सपाटीवर हवं होतं. मावशीला खोकल्याची उबळ आली की सगळं मावळ हलायचं आणि खडे खाटेखाली जायचे. तेवढ्या खेळानंही मी दमायची. वारा होऊन बोलता बोलता माझा आवाज जायचा, पाठीला घाम यायचा, संध्याकाळी थर्मामीटरचा पारा एखाद्या रेघेनं वर दिसायचा. डॉक्टर रागवायचे. पण शेजारणीचं बोचकं दिवसेंदिवस खाटेखाली पडून राहायला लागलं होतं, म्हणून मी रेटत होते.

मावशीनं आपला राखण्या गावच्या तलाठ्याच्या डोक्यावर बसवला होता आणि दोन-तीन दुपारीत त्याला वर बघायला लावून ती जिंकलीसुद्धा. शेजारणीनं मात्र दुसरं माणूस घेतलंच नाही. सुरुवातीला ती म्हणायची, “एक पोर हाय, वाडीवरची.” कुणाची, ते आम्ही विचारायचो नाही. एके दिवशी तिनं खडा हातात घेतला आणि सरळ विचारलं, “बाई, माजी पोर आता काय करती?”

चिंचोके उधळले. सगळे काळे.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. उलटं झालं, असा नियम होता. काय उलटं झालं ते सांगायचं काम माझं होतं. शेजारणीचे डोळे माझ्या तोंडावर, आणि खाटेखालच्या बोचक्यापर्यंत तिचा हात सहज पोचत होता. मी म्हटलं, “ती घरात गेलीय. माळ्यावरून छपराखालचं दिसत नाही.”

हा नियम मी त्याच क्षणी केला. ती म्हणाली, “ते खरंय. छपराखालचं न्हाई दिसत. आंगनात आली की दिसंल न्हवं?”

“अंगणातलं दिसतं,” मी म्हटलं.

त्यानंतर ती अंगणातच खेळली. खडा टाकला की कधी कोंबडी पळायची, कधी पाण्याचा गडवा वाजायचा, पोर डावीकडं बघायची, उजवीकडं बघायची. वर काही बघायची नाही. चिंचोके तसे पडतच नव्हते. मावशी म्हणायची, “बाई, एक चिंचोका पालथा कर की हळूच, कोन बघतंय.” मी केला नाही. तो कुणाच्या लक्षात आला असता म्हणून नाही. शेजारीण ज्या नजरेनं चिंचोक्यांकडं बघायची, तिला खोटं पांढरं दाखवायची माझी छाती नव्हती.

मग तिचा नवरा आला. आभाळ भरून आलेलं, खाचरांत चिखल तयार, लावणी तोंडावर. माणूस वाईट नव्हता. खाटेपासून लांब उभा राहिला, डोक्यावरची घोंगडी काढून हातात घेतली आणि म्हणाला, “चल. हात कमी पडत्यात. पोरीलाबी आनलीया, खाली हाय फाटकाशी.”

सिस्टरनं त्याला डॉक्टरांचं सगळं परत सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता आणि तरीही तिथंच उभा होता. घोंगडी त्यानं तिच्यासाठीच आणली होती, वाटेत भिजू नये म्हणून. शेवटी सिस्टर शेजारणीला म्हणाली, “धरून कुणी ठेवणार नाही. तुझं तू ठरव.” त्याला तिनं खाली जाऊन थांबायला सांगितलं.

शेजारणीनं खाटेखालून बोचकं ओढलं. ते बांधलेलंच होतं. माझ्याकडं, मावशीकडं बघितलंसुद्धा नाही. मला उठून तिचा हात धरावासा वाटला. पण धरून मी म्हणणार काय होते? माझा नवरा आठ दिवसांनी चिक्कीचा पुडा घेऊन यायचा, माझ्या कडेवरून कुणी पोर काढून घेतली नव्हती. ती व्हरांड्यात गेली. मी भिंतीला धरत धरत तिच्या मागं गेले, मावशी माझ्या मागं.

खाली फाटकाबाहेर जांभळाखाली तिची जाऊ बसली होती, शेजारी नवरा उभा. आणि मुलगी. ती आता नुसती पावलं टाकत नव्हती, पळत होती. पडलेली जांभळं उचलून जावेच्या ओट्यात टाकत होती. टेकडीवर आवाज चांगला येतो. मुलगी जांभूळ दाखवत जावेला म्हणाली, “आये, हे बग.”

शेजारीण पहिल्या पायरीवर होती. तिथंच थांबली.

बोचकं तिनं छातीशी धरलेलं. मग तिनं ते पायरीवर ठेवलं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि शेतातून पाखरं उठवतात तशी लांब हाळी दिली. “हुऽर्रऽऽ हाऽऽ.” तिला ओरडायची सक्त मनाई होती. हाळीच्या शेवटी आवाज फाटला आणि ती खोकत खाली बसली. पण हाळी पोचली होती. मुलगी थांबली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग मान वर करून पायऱ्यांकडं, आमच्याकडं बघितलं. कुणा परक्या बाईकडं बघावं तसं बघितलं आणि परत जांभळं वेचायला लागली.

शेजारीण सिस्टरला म्हणाली, “त्यास्नी सांगा, न्हाई उतरत म्हनावं.”

खाली बोलणं झालं. नवरा बराच वेळ वर बघत उभा होता. मग त्यानं घोंगडी पोरीच्या डोक्यावर घातली, तिला खांद्यावर घेतलं आणि तिघं बांधावरून निघून गेली. आम्ही आत आलो. शेजारीण खाटेवर पडली, पदर तोंडावर घेतला नाही, छताकडं बघत राहिली.

“वळखलं न्हाई,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पर वर बगितलं.”

“मग जिकलीस तू,” मावशी म्हणाली.

“व्हय.” शेजारणीनं उशाखालचे खडे काढून माझ्या हातात दिले. “माजा डाव झाला, बाई.”

त्यानंतर ती खेळली नाही. मीही डाव पुढं ओढला नाही. मावशी म्हणाली, आपण दोघी खेळू, पण मला त्राण नव्हतं आणि तिलाही फारसं नव्हतं. पावसाळाभर आम्ही ओल्या पांघरुणांत नुसत्या पडून राहिलो. गोळ्या गिळायच्या, थर्मामीटर तोंडात धरायचा, व्हरांड्यातलं धुकं बघायचं. शेजारणीनं बोचकं पुन्हा बांधलं नाही. दूध पुढ्यात आलं की नाक धरून प्यायची. तिच्याइतक्या रागानं दूध पिताना मी दुसऱ्या कुणाला बघितलेलं नाही.

तिला सोडलं तेव्हा खाली भात कापून झालं होतं. माझं अजून सुटायचं नाव नव्हतं. माझा डाग जिद्दी निघाला, तो भरून यायला पुढचा उन्हाळा लागला. डॉक्टर तिला म्हणाले, आता तू मोकळी, पोरीला जवळ घेतलंस तरी चालेल. ती माझ्या खाटेशी आली. नमस्कार वगैरे काही केला नाही. “बाई, पीक घरात गेलं,” एवढंच म्हणाली. “उतरते.”

मी व्हरांड्यापर्यंत गेले. मावशीला तेव्हा उठवत नव्हतं, म्हणून खाली काय चाललंय ते तिला व्हरांड्यातून ओरडून सांगायचं काम माझ्याकडं होतं. खाली नवरा आला होता, जाऊ आली होती, मुलगी जावेच्या पदराआड. शेजारीण पायऱ्या उतरून फाटकाबाहेर गेली. मला वाटलं धावत जाऊन तिला उचलेल. ती पोरीपासून बऱ्याच अंतरावर, जांभळाखाली जमिनीवर बसली. बसूनच राहिली. हाकसुद्धा मारली नाही. आतून मावशीचं चाललेलं, “काय झालं गं? घेतली का पोर?” मी म्हटलं, थांबा.

मग शेजारणीनं आजूबाजूला चाचपून एक खडा उचलला आणि पोरीच्या पायाजवळ टाकला. जवळ, लागेल असा नाही.

मुलीनं खड्याकडं बघितलं. बाईकडं बघितलं. पदर सोडून वाकली, खडा उचलला आणि हात मागं नेऊन तिच्याकडं परत टाकला. तो तिच्या मांडीवर पडला.

“काय झालं सांगशील का?” मावशी आतून म्हणाली.

खडा परत आला तर काय करायचं, ह्याचा नियम आम्ही केलेलाच नव्हता. मी आत जाऊन मावशीला सांगितलं की खेळतायत दोघी.